अडॉप्ट, अडाप्ट आणि पुण्याचे पाहुणे

त्या वर्षांत एकाएकी सगळ्यांनाच इंग्रजी हवंसं झालं होतं. आमच्या हिंदी मुलखातल्या फ्रीगंज मोहल्ल्यात घरोघरी केबल आली, नव्या कंपन्यांच्या जाहिराती आल्या, आणि मुलगी बघायला येणारे लोक गाणं म्हणून दाखव म्हणायचे थांबले. आता ते इंग्रजी विचारायचे.

माझे बाबा बँकेत होते. सारख्या वाटणाऱ्या इंग्रजी शब्दांची गल्लत त्यांना सहनच होत नसे. साहेबांच्या परिपत्रकांत ते लाल पेनानं दुरुस्त्या करत. देवास गेटच्या एका लॉजवाल्याला तर त्यांनी पाटी उतरवून पुन्हा रंगवायला लावली होती. आपल्याला बढती का मिळत नाही, याचं त्यांना खरंच नवल वाटे.

मी त्यांच्याच तालमीत तयार झाले आणि घराच्या पुढच्या खोलीत स्पोकन इंग्लिशचा क्लास चालवू लागले. पंधरा-सोळा मुली यायच्या. तो क्लास सोडून मला कुठेही जायचं नव्हतं. पण पुण्याचं स्थळ सांगून आलं, मुलगा कॉम्प्युटर कंपनीत, आणि बाबा हरखून गेले. त्यांना नाही म्हणायची माझी हिंमत झाली नाही. म्हणून मी ठरवलं, परीक्षेत नापास व्हायचं.

मुलगा, त्याची आई आणि मामा आले. माझं मराठी जरा हिंदीच आहे, असा शेरा मामांनी मारला, पोह्यांवर आणखी शेव मागून घेतली आणि विचारलं, अडॉप्ट आणि अडाप्ट यांत फरक काय? मी शांतपणे सांगितलं, अडॉप्ट म्हणजे सासरी जुळवून घेणं आणि अडाप्ट म्हणजे मूल दत्तक घेणं. साफ उलटं.

"परफेक्ट," मामा म्हणाले. मुलानंही मान डोलावली.

मग मी बिसाइड आणि बिसाइड्सची वाट लावली, लेंड आणि बॉरोची लावली. दर उत्तराला शाबासकी मिळत गेली. आता सगळी भिस्त बाबांवर होती. पण लॉजवाल्याला न सोडणारा हा माणूस खाली मान घालून चहा ढवळत बसला. मला फार लागलं ते. मुलीला उजवायची एवढी घाई, की यांनी इंग्रजीवरही पाणी सोडलं.

पाहुणे पसंती सांगूनच गेले. बाबांनी दार लावलं, माझा पडलेला चेहरा पाहिला आणि विचारलं, "तू जानबूझके चुकलीस ना?"

मी हो म्हटलं.

"मग पहलेच बोलायचं ना. मी मना केलं असतं. मला वाटलं, तुला मुलगा पसंत आहे आणि तू घाबरून चुकतेयस. त्यांच्यासमोर टोकलं असतं, तर तुझं जमलेलं मोडलं असतं. म्हणून चूप बसलो."

नकाराचं पत्र त्यांनी दुसऱ्याच दिवशी टाकलं. चहा ढवळणाऱ्या त्या माणसाबद्दल मी काय समजून बसले होते, ते मात्र मी त्यांना कधीच सांगितलं नाही.