पानाकाकांचा जावई

पॅन्टच्या मागच्या खिशात कायम एक पाना खोचलेला असायचा, म्हणून सगळी वस्ती त्यांना पानाकाका म्हणायची. धंदा प्लंबिंगचा. गळका नळ, तुंबलेलं बेसिन, भिंतीतून पाझरणारा पाइप, यात त्यांचा हात धरणारं आसपास कोणी नव्हतं. दिवसभर लोकांच्या घरचं नको असलेलं पाणी बाहेर काढायचं आणि संध्याकाळी घरी येऊन माशांसाठी पाणी भरत बसायचं. कंटाळा म्हणून यायचा नाही.

मासेही साधेसुधे नव्हते. डिस्कस. ताटलीसारखे गोल आणि चपटे, अंगावर निळ्या-केशरी रेघा, आणि नखरे तर विचारूच नका. पाणी मऊ हवं, कोमट हवं, आदल्या दिवशी भरून मुरवलेलं हवं, वर ते थोडं थोडं रोज बदलायलाही हवं. बाथरूममधलं मोठं पिंप माशांच्या नावावर झालं होतं. काकू घरी कपडे अल्टर करायच्या. मशीनवरून मान वर न करता त्या म्हणायच्या, "या घरात माशांना कोमट पाणी आणि माणसांना गार. पुढच्या जन्मी मासाच होते मी."

टाकीत एकच जोडी होती. मादी टाकीभर तोऱ्यात फिरायची, म्हणून ती मालकीण. नराचं मात्र सगळंच अवघड. दार जरा आपटलं की तो काळवंडायचा आणि कोपऱ्यात तोंड घालून बसायचा. मग समोर काहीही टाका, ढुंकून बघायचा नाही. काकूंनी त्याचं नाव जावई ठेवलं. "काय बिघडलं ते सांगायचं नाही, नुसतं फुगून बसायचं. आणि आपण मागे मागे करायचं. जावईच की."

काकांना ध्यास एकच होता, या जोडीची पिल्लं बघायची. ज्याच्याकडून मासे आणले त्या दुकानदाराने त्यांच्या डोक्यात हे वेड भरवलं होतं. "काका, यांची पिल्लं बाहेरचं काही खात नाहीत. सुरुवातीला अंगावर पितात. कातडीवर एक पातळ साय येते, ती चाटून जगतात. लांब केलीत तर उपाशी मरतील." मासा आणि अंगावर पाजतो, हे ऐकून काका हरखून गेले. त्या दिवशी ज्या ज्या घरी कामाला गेले, त्या त्या घरी त्यांनी हे सांगितलं. कोणी विचारलं नव्हतं.

मालकीण टाकीतल्या उभ्या मातीच्या भांड्यावर अंडी घालायची, अगदी ओळीने. आणि दर वेळी दोघं मिळून ती खाऊन टाकायची. काकांनी पाण्याची परीक्षा केली, हीटर बदलला, फिल्टर उघडून साफ केला, पुन्हा उघडून पाहिला. जोडलेला सांधा हात फिरवून तपासल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे, तशी अंडी दिसली की टाकीशी त्यांची ये-जा सुरू व्हायची. शेवटी काकूच वैतागल्या.

"अहो, बाळंतिणीच्या खोलीत असं सारखं डोकावतात का? मी असते तर मीही काहीतरी वेडंवाकडं केलं असतं."

पुढच्या खेपेला अंडी दिसताच काकूंनी टाकीवर जुनी चादर टाकली आणि काकांना त्या खोलीत यायची बंदी केली. पाणी बदलायचं तेवढं हळूच बदलायचं आणि बाहेर पडायचं. काकांनी या काळात घरातला प्रत्येक नळ खोलून पुन्हा बसवला. एकही बिघडलेला नव्हता.

या वेळी अंडी टिकली. भांड्यावर बारीक शेपट्या वळवळताना काकूंनी पाहिल्या आणि काकांना सांगितलं. मग एका सकाळी त्यांनी बोलावलं. "या. पण आवाज करायचा नाही."

काकांनी चादरीचं टोक उचलून आत पाहिलं. जावई कोळशासारखा काळा पडला होता. अंगावर धुरकट थर होता आणि त्या थरावर बारीक ठिपकेच ठिपके. मालकीण बाजूला एकटी, स्वच्छ. तिच्या अंगावर काहीच नव्हतं. पिल्लांचा पत्ता नव्हता.

"गेलं सगळं," काका म्हणाले. "पिल्लं खाल्ली आणि वर याला कीड लागली. हिला लागायच्या आत याला बाहेर काढतो." बादलीत पाणी घेऊन त्यांनी मूठभर मीठ टाकलं आणि जाळी हातात घेतली. गळती दिसली की आधी कॉक बंद करायचा, एवढं त्यांच्या हाडीमासी मुरलेलं होतं.

काकू काचेला नाक लावून उभ्या होत्या. सुईत दोरा ओवून ओवून त्यांची नजर तयार झालेली. जाळी पाण्याला लागणार, तोच त्यांनी काकांचं मनगट धरलं.

"थांबा. किडीला डोळे असतात का?"

"म्हणजे?"

"चष्मा लावा आणि बघा. पोरं आहेत ती. अंगावर पितायत."

"अगं, पण हा नर आहे."

"मग?"

दुकानदाराने नीट सांगितलं होतं, पण 'अंगावर पितात' म्हटल्यावर कोणाच्या अंगावर, हे विचारायचं काकांना सुचलंच नव्हतं. बापाबद्दल असं बोलताना त्यांनी आजवर कोणाला ऐकलं नव्हतं. त्यांनी चष्मा लावला. प्रत्येक ठिपक्याला खरोखरच दोन डोळे होते. तेवढ्यात मालकीण जवळ आली, जावयाने अंगाला एक झटका दिला, आणि सगळी पिल्लं सुटून तिच्या अंगाला जाऊन चिकटली. तो जरा मोकळा फिरला आणि लगेच परत तिच्या शेजारी येऊन उभा राहिला.

आणखी क्षणभर उशीर झाला असता तर पोरांसकट बाप मिठाच्या बादलीत गेला असता. जाळी खाली ठेवून काका स्टुलावर बसले.

"मी आपला समजत होतो, बापाचं काम म्हणजे बाहेरून आणून टाकायचं," ते म्हणाले.

"आपला मुलगा लहान असताना काय करायचा?" काकू म्हणाल्या. "माझ्याकडे पोट भरलं तरी रडायचाच. झोपायचा तुमच्या अंगावर. तुम्ही कामावरून आलेले, अंगाला गटाराचा वास, आणि हा छातीवर गाढ. मला तर राग यायचा."

काकांना हे आठवत नव्हतं. आठवत नव्हतं तरी त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला.

एवढ्यात फोन वाजला. पलीकडच्या गल्लीतल्या गिऱ्हाइकाच्या मोरीत पाणी तुंबलं होतं, लगेच या म्हणत होता.

"आज नाही जमायचं," काका हळू आवाजात म्हणाले. "घरी लहान पोरं आहेत."

"तुमच्याकडे? किती लहान?"

"अंगावर पिणारी," काका म्हणाले. "आत्ता आईकडे आहेत, पण बापाला उठून जाता येत नाही."