तिरपं उभं राहणारे

“राव, असं तिरपं उभं राहून कुठलं विंग चून करताय?” आकुर्डीच्या आमच्या विंग चून कुंग फूच्या क्लासमध्ये सरांनी रांगेतल्या एका गृहस्थांना पुन्हा हटकलं.

“ह्ये बी विंग चूनच हाय, सर. पिन सन म्हणत्यात. तिकडं चीनच्या कुलो गावाकडची शाखा.”

“म्हणजे चीनचं चाकण,” मागून कोणीतरी म्हणालं आणि सगळे हसले.

ते खरंच चाकणचे. कंपनीतली शिफ्ट संपवून थेट येतात. रांगेतही त्यांचे पाय सारखे सरकत असतात. ते बघून मलाही स्वस्थ उभं राहवत नाही.

मनगटाला मनगट लावून समोरच्याचा जोर ओळखायचा, असा आमचा एक सराव आहे. बाकीचे सरळ हात भिडवतात आणि मी आतून आक्रसते. ते मात्र दर वेळी आधी विचारतात, “चालंल ना, ताई?”

परवा सर वैतागले. “आमची पद्धत धरा, नाहीतर येऊ नका. तुमच्याशी जोडी करणार कोण?”

ते बॅग उचलू लागले. क्लासमध्ये मी कधीच तोंड उघडत नाही.

“सर, मी करते,” मी म्हणाले. “मला चालेल.”