शेजारचं खोकं

इस्पितळात त्याला सगळे खोडरबर म्हणायचे. कामच तसं होतं. नोकरी सोडलेल्यांची नावं, मुदत संपलेली औषधं, मोडीत निघालेली यंत्रं, जे जे नको ते संगणकातून काढून टाकायचं. बायको तिथेच मुलांच्या वॉर्डात सिस्टर. "बाटल्यांवरचं बारीक बारीक वाचून डोळे फोडून घेऊ नकोस," त्यानं तिला ऐटीत सांगितलं होतं. "माझ्या यादीत हिरवं दिसलं की बिनधास्त लाव." नवऱ्याच्या कामावर तिचा डोळे झाकून भरवसा. बिचारीनं ऐकलं.

मग एका कारखान्याचं सलाईन खराब निघालं. वापरू नका, असा निरोप आला. पठ्ठ्यानं चहा निवायच्या आत प्रोग्रॅम लिहिला: यादी वरून खाली वाचत जायची, खराब खोकं दिसलं की काढायचं आणि पुढची ओळ बघायची. तपासून बघताना त्यानं एक खराब, एक चांगलं, एक खराब अशी खोकी मांडली होती. खराब तेवढी गेली. स्वारी खूश! अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, ते काही उगाच नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी स्टोअरकीपरचा फोन आला.

"अरे खोडरबर, त्या कारखान्याचं एक खोकं अजून हिरवं दिसतंय की. मी तर ते सकाळीच मुलांच्या वॉर्डात पाठवलं."

"शक्यच नाही," तो म्हणाला. यादी उघडली आणि चूक समोरच दिसली. खराब खोकी एकापाठोपाठ आली होती, म्हणून यादीतही शेजारी शेजारी होती. वरचं काढलं की खालचं सरकून त्याच्या जागी येतं. प्रोग्रॅम मात्र तोवर पुढच्या ओळीवर गेलेला. सरकून आलेल्याकडे कुणी बघितलंच नव्हतं. यादी शेवटाकडून वर वाचत आला असता, तर काहीच निसटलं नसतं. हे नवशिक्या पोरांना शिकवतात. त्यालाही शिकवलं होतं.

"यादी सोड! हातानं शोध, सगळी बाजूला काढ!" तो फोनवर ओरडला. मग वॉर्डाचा फोन लावला. कुणी उचलेना. परत लावला. लिफ्ट येईना, तसा तो जिन्यानं पळत सुटला. देवा, खोकं अजून फोडलेलं नसू दे, एवढंच त्याच्या तोंडात होतं.

खोकं फोडलेलं होतं. खिडकीजवळच्या खाटेवर एक छोटी मुलगी हुडहुडीनं उडत होती, दातांवर दात आपटत होते. डॉक्टर तिच्यावर वाकले होते. काढलेली बाटली टेबलावर आडवी पडली होती. बायकोनं मुलीचे पाय दाबून धरले होते. तिनं मान वर केली.

"अहो, हिरवं होतं," एवढंच ती म्हणाली.

तो बाहेरच्या बाकावर जाऊन बसला. आपल्या हातांनी आपण एक लेकरू मारलं, असं त्याला वाटत होतं आणि ते खोटं आहे असं सांगणारं तिथे कुणी नव्हतं. पलीकडच्या टोकाला मुलीची आई बसली होती. तिच्याकडे बघायची त्याची छाती झाली नाही.

संध्याकाळी डॉक्टरांनी धोका टळल्याचं सांगितलं. आई रडत उठली आणि तिनं सिस्टरचे हात धरले. "तुम्ही जवळ होतात म्हणून पोर वाचली हो."

सिस्टरनं हात सोडवून घेतले. "बाई, ती बाटली मीच लावली होती. का लावली, ते ह्यांना विचारा."

धरणी पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं. पण आई समोर उभी होती.

"दोन खराब खोकी शेजारी शेजारी होती," तो म्हणाला. "पहिलं काढलं."

"आणि दुसरं?"

"ते पहिल्याच्या जागी सरकलं."

"मग ते का नाही बघितलं?"

बायकोही त्याच्याकडेच बघत होती.

"मी पुढे निघून गेलो होतो," तो म्हणाला.