लेकीचा गळा बसला की काय

मित्रहो, आज दुपारी धस्स झालं.

माझी मुलगी पुण्यात पॉप गाते. तिचा बोसा नोव्हाचा, म्हणजे ब्राझीलकडच्या गाण्यांचा, अल्बम आज आला. मी कामठीच्या बसमध्ये मोबाइलवर लावला, तर आवाज पुटपुटल्यासारखा. आमच्या गावच्या भजनात शेवटच्या माणसापर्यंत आवाज पोहोचवावा लागायचा. घाबरून तिला फोन केला.

"गळा बसला काय वं?"

"नाही बाबा, ही गाणी अशीच हळू गातात."

"मग मागे बसलेल्याले कसं ऐकू येईल?"

"मागे कोणीच नसते बाबा. जो तो कानात इअरफोन घालून ऐकते."

ती हसली, पण तेही हळूच.

संध्याकाळी देवाजवळ दिवा लावून तिच्या गळ्यासाठी हात जोडले. दूर राहणारं लेकरू हळू बोलायला लागलं, तर ते गाणं की दुखणं, हे तुम्ही कसं ओळखता?