पानाच्या तळाशी राहिलेली ओळ

छापलेला कागद हातात आला की त्याच्या अगदी तळाशी काय लिहिलंय ते तुम्ही वाचता का? नाही ना? मी मात्र आधी तळ वाचते, मग वरचं. आमच्या दुकानात सगळ्यांना ही सवय भीतीनं लागली आहे.

मानवतला रहीमचाचांचं टायपिंगचं दुकान आहे. मी आणि वंदना तिथे कॉम्प्युटरवर बसतो. आमच्याकडे नवी फाईल कुणी उघडत नाही. एका जुन्या ऑपरेटरनं ‘चालू’ नावाची फाईल नीट मापात बसवून दिली आणि तो पुण्याला निघून गेला. तेव्हापासून लग्नपत्रिका असो की अर्ज, आधीचा मजकूर पुसायचा आणि त्याच फाईलमध्ये नवा टाइप करायचा. पण तळाचा फुटर, म्हणजे पानाखाली आपोआप छापली जाणारी ओळ, पुसायचा राहून जातो. पडद्यावर तो फिकट दिसतो, कागदावर मात्र ठळक उमटतो! अशानं किस्से साचत जातात. माझ्या लेकीच्या, अश्विनीच्या स्थळाचा किस्सा शेवटी सांगते.

*

एका गावाचा विजेचा डीपी जळाला. सरपंच तक्रारीचा अर्ज करून घेऊन वीज कंपनीच्या साहेबांकडे गेले. साहेब लय कडक, म्हणून सरपंच दारातच उभे. साहेबांनी अर्ज वाचला, तळाशी आले आणि थांबले. तिथे आदल्या लग्नपत्रिकेतली ओळ होती, ‘आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं!’

सरपंचांच्या तोंडचं पाणी पळालं.

साहेब म्हणाले, “येतो की! पण मांडवात लाईट हाय का?”

*

पूर्णेचे एक रेल्वेवाले भाऊ आजारपणाच्या रजेचा अर्ज घेऊन गेले. रजा नामंजूर होईल या धास्तीनं त्यांना आणखीच ताप भरलेला. त्याआधी आम्ही कुणाच्या तरी हरवलेल्या शेळीची जाहिरात छापली होती. अर्जाच्या तळाशी आलं, ‘दिसल्यास वरील पत्त्यावर आणून सोडावे.’

त्यांचे साहेब म्हणाले, “रजा दिली. पण तुला आणून सोडायला कोण जाणार?”

*

त्यानंतर चाचांनी नियम केला. कागद देण्याआधी एकमेकींना विचारायचं, “खाली बघितलं का?” आम्ही बघायलाही लागलो. पण पहिल्या पानाचा फुटर वेगळा आणि पुढच्या पानांचा वेगळा, अशी खूण त्या फाईलमध्ये आधीपासून करून ठेवलेली होती, हे कुणाला माहीत!

ग्रामपंचायतीच्या दोन पानी नोटिशीनंतर एका शाळेची प्रश्नपत्रिका आली. वंदनानं पहिलं पान पाहिलं, तळ स्वच्छ. गठ्ठा गेला. परीक्षेच्या दिवशी हेडमास्तरांचा फोन आला. आवाज ऐकूनच वंदनानं फोन माझ्या हातात कोंबला.

“मॅडम, दुसऱ्या पानावर खाली काय छापलंय? ‘मेंढ्या मोकाट सोडल्यास कोंडवाड्यात घालण्यात येतील’! वर्गात एकही पोरगं हलायला तयार न्हाई!”

मी घाबरत विचारलं, “मग आता काय करायचं सर?”

“काही करू नका. इतकी शांत परीक्षा आमच्याकडं कधीच झाली न्हाई.”

*

आता अश्विनीचं. वालूरचं चांगलं स्थळ आलं होतं. मुलगा शिकलेला, घरची शेती, आणि अश्विनीलाही तो मनापासून आवडलेला. भीती एकच. मुलाची आई शकुन फार मानायची. पाल चुकचुकली म्हणून तिनं एक स्थळ परत पाठवलं होतं.

चाचा म्हणाले, “सुनंदा, बेटीचा बायोडाटा मीच करणार. तू हात लावू नको.” त्यांनी स्वतः टाइप केला, छापला, पाकिटात घातला. मी विचारलं, “चाचा, खाली बघितलं का?”

“बघितलं! एकदम साफ!”

आमचे हे पाकीट घेऊन वालूरला गेले. संध्याकाळी खुशीत परतले. “त्यांनी कागद देवापुढं ठेवलाय. रात्रभर घरात काही वाईट घडलं न्हाई, तर सकाळी वाचून होकार कळवतो म्हणाले. फक्त मुलाचे आजोबा जरा आजारी हायेत.”

तेवढ्यात चाचा दारात आले. चेहरा पांढराफटक. हातात बायोडाट्याची दुकानात राहिलेली प्रत. घाईत चाचांनी तेवढंच बघितलेलं पहिलं पान स्वच्छ होतं. दुसऱ्या पानावर मामा, काका, आत्या अशी सगळी नावं, आणि त्यांच्या खाली आदल्या दिवशीच्या दोन पानी तेराव्याच्या पत्रिकेतली ओळ : ‘शोकाकुल : समस्त परिवार व आप्तेष्ट’.

देवापुढे! आणि घरात आजारी म्हातारा माणूस!

हे म्हणाले, “फोन करून सांगू का?”

चाचा म्हणाले, “नको भाऊ. अजून वाचलं नसंल, तर आपणच वाचून दाखवल्यासारखं होईल.”

अश्विनीनं आत जाऊन देवापुढे दिवा लावला आणि तिथेच बसून राहिली. त्या आजोबांचं नावसुद्धा तिला माहीत नव्हतं. “त्या आजोबांना बरं वाटू दे,” एवढंच ती पुटपुटत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते आजोबा सुनेला, म्हणजे मुलाच्या आईला, घेऊन पहिल्या एसटीनं आमच्या दारात आले, ‘होकार आहे’ म्हणत त्यांनी आपल्या रंगलेल्या बोटांनी तो कागद माझ्या हातात दिला, आणि दुसऱ्या पानाच्या तळाशी एक अक्षरही दिसू नये असा ओल्या हळदीकुंकवाचा जाड पट्टा ओढलेला होता.