विटांच्या आतलं घर

आमच्या ट्वेंटे भागात बेरेंडइतका चुळबुळ्या दुसरा झाला नाही. जेवतानासुद्धा त्याचा एक पाय दाराबाहेर. त्या साली मात्र चुळबुळीला कारण होतं. नोव्हेंबरात, मार्टिनच्या सणाला, जमिनीच्या खंडाची मुदत संपत होती आणि जमीनदाराला तिथं जंगल लावायचं होतं. बेरेंडनं माळावर जागा धरली होती, घर उचलून तिकडं न्यायचं होतं. त्यात नवल काही नाही. जमीन मालकाची, लाकडी घर कुळाचं, ही आमची जुनी रीत.

घोळ केला विटांनी. बेरेंडचा थोरला भाऊ हार्मेन गवंडी. असा हात अख्ख्या परगण्यात दुसऱ्या कुणाला नव्हता, खुशाल विचारा. त्यानं दोन वर्षांपूर्वी मातीचे कूड पाडून धाकट्याच्या घराला चारी बाजूंनी वीट चढवली. गावातलं पहिलं विटांचं घर! लोक वाट वाकडी करून बघायला यायचे.

जमीनदाराचा कारभारी आला, काठीनं भिंत ठोकून म्हणाला, "वीट जमिनीत रुतली की मालकाची. घर इथंच राहील."

बेरेंड घराभोवती फेऱ्या मारायला लागला.

"बस की जरा!" बायको येनेकन ओरडली. "अंड्यावर आलेल्या कोंबडीसारखा काय फिरतोस?"

तो हार्मेनवर उखडला. "दादा, तुझ्या मोठेपणानं मला इथं गाडलं!"

"माझ्या भिंतीला नावं ठेवू नकोस. कधी छप्पर गळलं?"

"छप्पर तुझ्या भिंतीवर आहेच कुठं? ते तर खांबांवर..."

बोलता बोलता तो थांबला, आणि तसाच कारभाऱ्याकडे पळाला.

"विटा मालकाच्या, कबूल. लाकूड?"

"लाकूड तुझंच. पण ते विटांच्या आत आहे ना."

"असू दे."

शेजारी जमले. घर उभं करायला न् उतरवायला शेजाऱ्यानं यायचंच असतं. गवताचं छप्पर उतरलं, सांध्यांतल्या लाकडी खुंट्या निघाल्या, ओकचे खांब दोरांनी वरून बाहेर आले. हार्मेन खालून ओरडत होता, "सांभाळून! विटेचा टवका उडाला तर तंगडं मोडीन!"

एकही टवका उडाला नाही. अशी भिंत होती ती.

कारभारी आला तेव्हा भिंतींच्या आत नुसतं आभाळ. "छप्पर कुठंय?"

"लाकडावर होतं," बेरेंड म्हणाला. "लाकडाबरोबर गेलं."

माळावर सांगाडा उभा राहिला, तसा हार्मेन ओळंबा घेऊन हजर. "आता इथं दीड विटेची भिंत घालू."

बेरेंड कुडाला माती लिंपत होता. "नको दादा. पुन्हा उचलायचं झालं तर?"

"अजून दार बसलं नाही, आणि हा निघाला!" हार्मेननं बाह्या सारल्या. "हो बाजूला. लिंपता तरी कुठं येतंय तुला."