लावऱ्या परततात तेव्हा

आईला यापुढे कोणी सांभाळायचं, यावरून सकाळी आम्हा भावंडांचं जुंपलं आणि जो तो उठून चालता झाला. मी पाय ओढत घरामागच्या टेकडीवर आलो.

वाळल्या गवतात पाऊल टाकणार, तोच पायाखालून लावऱ्यांचा थवा भुर्रकन उडाला आणि चहूकडे पांगला. तोवर एकही दिसली नव्हती. पाचोळ्यासारखी पाठ, विटकरी गळा, मुठीएवढा जीव. अगदी अंगावर येईपर्यंत दबून बसायचं आणि मग एकदम फुटायचं. आम्ही तरी वेगळं काय केलं? आईनं अंथरूण धरल्यापासून सगळे गप्पच होतो.

दगडावर टेकलो. बऱ्याच वेळानं एका झुडपातून बारीक शीळ आली. दुसरीकडून तिला उत्तर गेलं. मग एकेक लावरी गवतातून थबकत, मान काढून बघत, शिळेच्या दिशेनं निघाली. उडाल्या होत्या सगळ्या एकदम. परतत होत्या एकेकट्या, आणि पायी.

खालून ताईची हाक आली, "अरे, चहा टाकलाय. येतोस ना?"

सकाळी सगळ्यांत आधी दार आपटून गेली होती ती हीच.

"आलो गं," म्हणालो आणि उतरू लागलो.